मंत्र्यांना 'प्रश्न उद्भवत नाही' म्हणता येऊ नये, असा प्रश्न कसा लिहायचा

विधानसभेच्या तारांकित, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या, प्रश्नोत्तरांची कोणतीही यादी उघडा, पानोपानी एक वाक्य भेटतं : 'प्रश्न उद्भवत नाही.' प्रश्नाला तीन-चार पोटभाग असतात. पहिल्याला मंत्री उत्तर देतात, 'हे खरे नाही', आणि खालचे सगळे भाग त्या एका वाक्यात गुंडाळून टाकतात. चौकशी केली काय? उद्भवत नाही. दोषींवर काय कारवाई केली? उद्भवत नाही. विलंबाची कारणं? तीही उद्भवत नाहीत. गावाकडच्या माणसाने महिनोन्‌महिने कागद जमवलेले असतात आणि उत्तर दोन ओळींत संपतं.

मी यवतमाळ जिल्ह्यात एका आमदारांच्या संपर्क कार्यालयात बरीच वर्षं टंकलेखनाचं काम केलं. एरवी निवेदनं आणि शिफारसपत्रं, अधिवेशन जवळ आलं की प्रश्न. आता घरची कपाशी-तूर पाहते. तरी आसपासच्या गावांतली माणसं येतात आणि म्हणतात, "ताई, आमचा एक प्रश्न लावून द्या ना विधानसभेत." त्यांना ओट्यावर बसवून जे सांगते तेच इथे लिहिते आहे. जिथे राजकीय माणसाच्या सचोटीचा संबंध येतो, तिथे मंत्री कसे निसटतात आणि प्रश्नातली वाट आधीच कशी बुजवायची, हे मला मुख्यतः सांगायचं आहे.

उदाहरण पांदण रस्त्याचं घेऊ, कारण पावसाळ्यात शेतापर्यंत बैलबंडी न जाणं म्हणजे काय ते आपल्याकडे कोणाला समजवावं लागत नाही. समजा, कागदावर रस्ता पूर्ण आहे, बिल निघालं आहे आणि काम ज्याला मिळालं तो एका पुढाऱ्याचा भाचा आहे. लोक माझ्याकडे बहुतेक असा मजकूर आणतात : 'अमुक पुढाऱ्याच्या भाच्याने पांदण रस्त्याचे पैसे खाल्ले हे खरे आहे काय, असल्यास अशा भ्रष्टाचाऱ्यांना शासन पाठीशी का घालत आहे?'

राग खरा आहे, पण असा प्रश्न आधी दारातच अडतो. प्रश्नात तर्क, उपरोध, आरोप, विशेषणं किंवा बदनामीकारक विधानं नकोत, हा लोकसभेच्या नियम 41 चा दंडक आहे आणि विधिमंडळाचे नियमही त्याच वळणाचे आहेत. माणसाचं वर्तन विचारायचं असेल तर फक्त त्याच्या शासकीय किंवा सार्वजनिक नात्याने विचारता येतं. मत मागता येत नाही, 'असं झालं तर काय कराल' असंही विचारता येत नाही. आणि समजा हा मजकूर स्वीकृत झालाच, तरी 'पैसे खाल्ले' याला 'हे खरे नाही' म्हणणं मंत्र्यांना किती सोपं आहे पाहा. खाल्ल्याचं सिद्ध झालेलं नाही, म्हणजे उत्तर खोटंही ठरत नाही. पुढचं सगळं आपोआप गळून पडतं.

म्हणून पहिला भाग असा लिहायचा, ज्याला 'होय' म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. ज्याचा सही-शिक्क्याचा कागद तुमच्या हातात आहे तेच पहिल्या भागात घाला. 'मौजे अमुक येथील पांदण रस्त्याचे काम पूर्ण झाल्याचे दर्शवून माहे मार्च, 2024 मध्ये वा त्यादरम्यान देयक अदा करण्यात आले, हे खरे आहे काय?' यातलं 'वा त्यादरम्यान' गाळू नका. तुम्ही मार्च म्हणालात आणि बिल 2 एप्रिलला निघालं असेल, तर तेवढ्या आधारावर 'हे खरे नाही' येऊ शकतं.

दुसऱ्या भागापासून 'असल्यास' काढून टाका. जुन्या सवयीने प्रत्येक भाग 'असल्यास' ने सुरू होतो आणि पहिला भाग पडला की सगळी माळ तुटते. त्याऐवजी प्रत्येक भाग आपल्या पायावर उभा करा : 'सदर रस्त्याच्या मोजमाप पुस्तिकेतील नोंदीनुसार लांबी, रुंदी व मुरमाच्या थराची जाडी किती आहे, ही मोजमापे कोणत्या दिनांकास व कोणत्या पदावरील अधिकाऱ्याने घेतली?' याला नाही म्हणता येत नाही. आकडा द्यावाच लागतो. आणि आकडा सभागृहाच्या कागदावर आला की गावातला कोणीही टेप घेऊन जाऊ शकतो.

भाच्याचं काय? तिथे थोडा कायदा माहीत हवा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14(1)(ग) प्रमाणे पंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात स्वतःचा, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, हितसंबंध असलेला माणूस सदस्य राहू शकत नाही. आमदार-खासदारांसाठी लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 चं कलम 9अ आहे. पण ते सदस्याने स्वतः शासनाशी केलेल्या चालू कंत्राटापुरतं आहे. भाच्याने कंत्राट घेतलं एवढ्याने कायदा मोडत नाही. म्हणून 'भाचा आहे काय' हे विचारूच नका. नातं सगळ्या तालुक्याला माहीत असतं, ते मंत्र्यांच्या तोंडून वदवून काही हाती लागत नाही. विचारा ते काम मिळण्याच्या पद्धतीबद्दल : निविदा सूचना कोणत्या दिनांकास व कुठे प्रसिद्ध झाली, किती निविदा आल्या, अपात्र ठरलेल्यांची कारणं काय, कार्यारंभ आदेश कोणी व कधी दिला, पुरवठादार संस्थेचे मालक वा भागीदार कोण. नात्याचा फायदा घेतला गेला असेल, तर तो याच तारखांमध्ये सापडेल. सूचना शुक्रवारी निघून सोमवारी मुदत संपलेली असेल, तर 'भ्रष्ट' हा शब्द तुम्हाला लिहावाच लागत नाही.

हे कागद आणायचे कुठून? माहितीचा अधिकार. जोडपत्र 'अ' हा अर्जाचा नमुना, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर 150 शब्दांच्या आत. मोजमाप पुस्तिकेच्या त्या पानांची प्रत, देयकाचं प्रमाणक, हजेरीपट, कामाआधीचे आणि नंतरचे फोटो एवढं मागा. 'सर्व माहिती द्यावी' असं लिहिलेल्या अर्जातून काहीच मिळत नाही. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर जोडपत्र 'ब' आणि 20 रुपयांच्या स्टॅम्पने पहिलं अपील. नागपूरचं अधिवेशन डिसेंबरच्या आसपास असतं, म्हणून अर्ज पोळ्याच्या सुमारास पडलेला बरा. अपिलाचा वेळ धरला तरी दिवाळीपर्यंत कागद हातात येतात.

आणि स्वतः मोजा. एका गावच्या लोकांनी हे फार नीट केलं होतं. दोघांनी टेप धरला, एकाने सब्बल घेतली आणि ठरावीक अंतरावर रस्ता उकरून पाहिला. पुस्तिकेत मुरमाची जाडी 15 सेंटिमीटर होती. उकरल्यावर वर चार बोटं मुरूम लागला, खाली सरळ काळी माती. प्रत्येक खड्ड्यात पट्टी उभी धरून फोटो काढला, जवळच्या शेताचा गट नंबर लिहिला आणि हजर असलेल्या सगळ्या शेतकऱ्यांच्या सह्या घेतल्या. सभागृहात आमदारांच्या हातात नुसतं निवेदन असणं आणि असा पंचनामा असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हा पंचनामा इतका का लागतो, ते सांगते. आपल्याला वाटतं मंत्री उत्तर देतात. उत्तर खालून येतं. प्रश्न स्वीकृत झाला की मंत्रालयातला विभाग तो जिल्ह्याला पाठवतो, जिल्हा तालुक्याला, तालुका त्याच टेबलाला जिथून बिल निघालं. 'तारांकित आला' म्हटल्यावर ऑफिसची झोप उडते, संध्याकाळी उशिरापर्यंत दिवे चालू राहतात, कधी न सापडणारी फाइल तासाभरात सापडते. हा प्रश्नाचा मोठा गुण आहे. सभागृहात पुकारला गेला नाही तरी अर्धं काम तिथेच होतं. पण दोषही याच वाटेवर आहे : ज्याच्यावर संशय आहे तोच 'वस्तुस्थिती' लिहून वर पाठवतो, वरचे एकेक सही करत जातात आणि शेवटी मंत्री ती वाचून दाखवतात. मंत्री दरवेळी जाणूनबुजून खोटं बोलतात असं मला वाटत नाही. पण पाठवलेलं तपासून न पाहता वाचलं, तर त्याची जबाबदारी त्यांचीच आहे. खालच्यांच्या चुकीबद्दल सभागृहाला उत्तर देणारा मंत्रीच असतो, आपल्या पद्धतीचा सगळा भार याच गोष्टीवर आहे.

या बाबतीत मुंध्रा प्रकरण प्रत्येकाने माहीत करून घ्यावं. 1957 साली सरकारी आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंध्रा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटींच्या आसपासचे शेअर घेतले. लोकसभेत प्रश्न आला. फिरोज गांधी सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार, तरी त्यांनी पिच्छा सोडला नाही. कोणते शेअर, कोणत्या तारखेला, कोणत्या भावाने, कोणाच्या सांगण्यावरून, एवढंच ते विचारत राहिले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्याकडे चौकशी गेली. ती उघड झाली आणि काही आठवड्यांत आटोपली. अर्थखात्याच्या सचिवांनी केलेल्या व्यवहाराची जबाबदारी मंत्र्यांना झटकता येणार नाही, असं छागलांनी म्हटलं आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला.

आता उत्तरं ऐकायची कशी. तुमचा प्रश्न पुकारला गेला तर आमदार उपप्रश्न विचारू शकतात. तारांकितचं मोल त्यातच आहे, कारण अतारांकितला नुसतं लेखी उत्तर मिळतं आणि तिथे उलट विचारता येत नाही. सप्टेंबर 2020 च्या संसदेच्या अधिवेशनात करोनाचं कारण देऊन प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला, लेखी उत्तरं मात्र चालू राहिली. तेव्हा नेमका हाच उलट विचारण्याचा हक्क गेला होता. उपप्रश्न मिनिटाभराचा असतो, म्हणून तो आधीच एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या. मंत्री काय म्हणतील त्याचा अंदाज घेऊन दोन-तीन तयार ठेवा.

'प्रकरण न्यायप्रविष्ट आहे' हे सगळ्यात भक्कम कवच. न्यायालयात काय चाललं आहे यावर बोलता येत नाही हे खरंच. पण प्रकरण क्रमांक काय, कोणत्या न्यायालयात, पुढची तारीख कोणती, शासनाने आपलं शपथपत्र दाखल केलं का, आणि न्यायालयाने विभागीय चौकशीला स्थगिती दिली आहे का, हे विचारायला आडकाठी नसावी. स्थगिती नसेल तर विभाग हात बांधून का बसला, हा सरळ प्रश्न उरतो. 'चौकशी सुरू आहे' म्हटलं की विचारा : चौकशी अधिकारी कोण, आदेशाचा दिनांक काय, अहवालाची मुदत कोणती, अहवाल पटलावर ठेवणार काय. चौकशी करणारा त्याच साखळीतला असेल तर तेही दिसून येतं. 'ही बाब माझ्या विभागाशी संबंधित नाही' हे टाळायचं तर आधीच पाहा : काम रोजगार हमीतून झालं का, निधी कोणत्या लेखाशीर्षातून आला, पांदणीवरचं अतिक्रमण असेल तर ते महसूलकडे. गरज असेल तर दोन विभागांना दोन वेगळे प्रश्न द्या.

मात्र मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. सचोटीचा प्रश्न आला की मंत्री उभे राहून 'तुमच्या सरकारच्या काळात काय झालं ते आम्ही बोलायचं का' असं म्हणतात. बाकं वाजतात, गोंधळ होतो, वेळ संपते आणि पांदणीचं नावही कोणी घेत नाही. यावर उपाय प्रश्नातच करून ठेवावा. कालावधी मोठा मागा : 'मागील 10 वर्षांतील वर्षनिहाय मंजूर कामे, अदा देयके व तपासणीत आढळलेल्या त्रुटी.' त्यात दोन्ही बाजूंची सरकारं आली की ते वाक्य बोलण्यात काही अर्थ राहत नाही. गोसीखुर्दसारख्या सिंचन प्रकल्पाला तर दुसरी वाटच नाही. 1983 मध्ये 372 कोटींची किंमत, 22 एप्रिल 1988 ला भूमिपूजन, आणि आता किंमत 18 हजार कोटींच्या पुढे. एवढ्या काळात कोण सत्तेवर नव्हतं? त्यात भूसंपादन, पुनर्वसन, महागाई ही न्याय्य कारणंही आहेत. म्हणून प्रत्येक सुधारित मान्यतेची तारीख, मान्यता देणारं पद आणि वाढीची कारणनिहाय फोड मागावी. एकगठ्ठा 'घोटाळा झाला काय' विचारलं की न्याय्य कारणांच्या आडून बाकीचं सगळं सुटतं.

खासदारांमार्फत विचारायचं असेल तर पद्धत जवळपास हीच, पण किमान 15 पूर्ण दिवस आधी सूचना लागते आणि नंबर सोडतीने लागतो. लोकसभेत दिवसाला 20 तारांकित आणि 230 अतारांकित, राज्यसभेत 15 आणि 160. लोकसभेचा तास 11 वाजता, राज्यसभेचा 12 ला. 20 पैकी मोजक्यांचीच तोंडी पाळी येते, बाकीच्यांना लेखी उत्तर. जुनी उत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर सदस्याच्या आणि मंत्रालयाच्या नावाने शोधता येतात. ती इंग्रजी-हिंदीत असतात, गावातल्या कॉलेजच्या पोरांना हाताशी धरा. प्रश्न लिहिण्यापूर्वी जुनं उत्तर वाचणं फार गरजेचं, कारण आधी उत्तर मिळालेला प्रश्न पुन्हा घेत नाहीत. शिवाय दोन वर्षांपूर्वीच्या आणि आजच्या उत्तरातली तफावत हाच कित्येकदा सगळ्यात चांगला उपप्रश्न असतो.

प्रश्न कोणाकडे द्यायचा, हे मन घट्ट करून ठरवा. प्रश्न लावायचा, अधिकाऱ्याला किंवा कंत्राटदाराला घाम फोडायचा आणि मग आतून मिटवून घ्यायचं, असे प्रकार होतात. आपल्या राजकारणाला लागलेली ही मोठी कीड आहे. 1951 मध्ये खासदार एच. जी. मुद्गल यांचं सदस्यत्व गेलं ते मुंबईच्या बुलियन असोसिएशनकडून, म्हणजे सोन्या-चांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून, पैसे घेऊन त्यांच्यासाठी संसदेत काम केल्याबद्दल. डिसेंबर 2005 मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेताना कॅमेऱ्यात सापडलेल्या 11 खासदारांना संसदेने काढून टाकलं. 2025 च्या मे महिन्यात राजस्थानात एका आमदारांना अटक झाली, आरोप हा की खाणींबद्दलचे प्रश्न मागे घेण्यासाठी लाच घेतली. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी 4 मार्च 2024 ला स्पष्ट केलं आहे की सभागृहातल्या मतासाठी किंवा भाषणासाठी लाच घेणाऱ्याला विशेषाधिकाराचं संरक्षण नाही. त्यामुळे प्रश्नासाठी कोणी 'खर्च' मागितला तर तिथून उठा. विधानसभेच्या प्रश्नावर अनेक सदस्यांची नावं असू शकतात. शक्य असेल तर वेगवेगळ्या पक्षांच्या सदस्यांना एकच मजकूर द्या, म्हणजे एक जण ऐनवेळी गैरहजर राहिला तरी दुसरा उभा राहतो. सोबत ग्रामसभेचा ठराव जोडा. मग हा प्रश्न कोण्या प्रतिस्पर्धी कंत्राटदाराचा आहे असं कोणाला म्हणता येत नाही.

मागे एका काकांनी विचारलं होतं, "बाई, मंत्री तिथं खोटं बोलला तं त्याचं काही होते का?" होतं, पण पुरावा आपणच द्यायचा. लोकसभेत अध्यक्षांच्या निर्देश 115 प्रमाणे सदस्य चुकीचं विधान लेखी दाखवून देऊ शकतो आणि मंत्र्याला खुलासा करावा लागतो. जाणूनबुजून दिशाभूल केली असेल तर हक्कभंग, पण 'जाणूनबुजून' सिद्ध करणं अवघड. ब्रिटनमध्ये मंत्र्यांच्या आचारसंहितेत लिहिलेलंच आहे की संसदेची जाणूनबुजून दिशाभूल करणाऱ्याने राजीनामा देऊ करावा. उत्तर समाधानकारक नसेल तर तिथल्या तिथे प्रश्न राखून ठेवण्याची मागणी आमदारांनी अध्यक्षांकडे करावी, किंवा अर्धा तास चर्चेची सूचना द्यावी. लोक लक्षवेधी सूचनेच्या मागे लागतात, अर्धा तास चर्चेकडे फारसं कोणी पाहत नाही. पण उत्तरातला एखादा आकडा घेऊन खोलात जायचं असेल तर तीच उपयोगाची.

आणि मंत्री म्हणाले, 'तपासून घेऊ', 'माहिती घेऊन पटलावर ठेवू', 'एक महिन्यात कारवाई करू', तर ते वाक्य तारखेसकट उतरवून घ्या. अशी वाक्यं आश्वासन म्हणून नोंदली जातात आणि त्यांच्या पाठपुराव्यासाठी संसदेत आणि विधिमंडळात दोन्हीकडे समित्या आहेत. लोकसभेची आश्वासन समिती 1953 पासून आहे, तिथे पूर्ततेची मुदत तीन महिन्यांची. पण सदस्य नवीन अधिवेशनाच्या गडबडीत मागचं विसरतात. म्हणून मुदत संपली की आमदारांना पत्र द्या : अमुक तारखेच्या अमुक क्रमांकाच्या तारांकित प्रश्नाला उत्तर देताना मंत्रिमहोदयांनी हे आश्वासन दिलं होतं, त्याची पूर्तता झाली काय, नसल्यास बाब आश्वासन समितीपुढे ठेवावी. प्रश्न क्रमांक आणि तारीख विसरू नका, त्याशिवाय शोधता येत नाही. एक प्रत विधानमंडळ सचिवालयाला, एक जिल्हाधिकाऱ्यांना. आमदारांच्या कार्यालयात पत्र देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. टेबलावरची मुलगी 'राहू द्या काका, साहेबांना सांगते' म्हणाली तरी घ्या, ती नाही म्हणणार नाही.